ट्रंकेतला कप आणि त्यावरचं १०/५

प्रश्न : घराची डागडुजी करताना माळ्यावर पणजोबांची लोखंडी ट्रंक सापडली, तिच्यात वीतभर उंचीचा चांदीसारखा कप आहे, दोन कानांचा. पणजोबा पलटणीत होते आणि बसऱ्याच्या लढाईत शौर्य गाजवलं म्हणून साहेबाने तो दिला असं घरात सगळे सांगतात. पण कपावर इंग्रजीत '१०/५ एम. एल. आय., इंटर कॉय टग ऑफ वॉर, १९३४, विनर्स' एवढंच आहे, नाव नाही. याचा अर्थ काय, आणि कप चिंचेने घासला तर चालेल का? – एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, आधी चिंच बाजूला ठेवा! आणि ती पितळ घासायची पावडरसुद्धा. माझ्या मामाकडे असाच एक कप होता, दर दिवाळीला घासून घासून त्यावरची अक्षरं इतकी झिजली की आता नुसतं 'विनर्स' वाचता येतं, कोण जिंकलं ते गेलंच, आणि तेच तर हवं होतं. मऊ सुती कापडाने पुसा, बास. कोरलेलं नीट दिसत नसेल तर अंधारात मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरून फोटो काढा, पुसट अक्षरंपण उठून दिसतात.

आता अक्षरं. एम. एल. आय. म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री आणि १०/५ म्हणजे ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची १०वी बटालियन, हीच तेव्हाची बेळगावची ट्रेनिंग बटालियन. १९२२ साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ही रेजिमेंट उभी केली तेव्हा १०३ नंबरची १/५ झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची झाली १०/५. कॉय म्हणजे कंपनी, टग ऑफ वॉर म्हणजे आपली रस्सीखेच. म्हणजे कंपन्यांमधल्या रस्सीखेचीत जिंकलेला कप आहे हा, शौर्याचा नाही, शौर्याला मेडल मिळतं.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, घरातली गोष्ट खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. बसरा म्हणजे पहिलं महायुद्ध, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी खरंच होत्या, १०३, ११० आणि ११७ तर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तेव्हा कैदेत गेल्या, आणि ११४ मराठा ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतला लढली. आता १९१६-१७ ला भरती झालेला माणूस १९३४ साली जुना हवालदार किंवा जमादार (हवालदाराच्या वरचा हुद्दा) म्हणून रंगरुटांना शिकवत असू शकतो. लढाई खरी, कपही खरा, फक्त मधली सतरा-अठरा वर्षं गाळून घरच्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. मला तर वाटतं पणजोबांनी तो कप जपला तो आपल्या कंपनीने रस्सी ओढून जिंकला म्हणूनच, आणि ते काही कमी नाही.

लढाईचा पुरावा मात्र कपात नाही, ट्रंकेत शोधा. तळाशी कागदाखाली, जुन्या कोटाच्या खिशात, डब्यात. पहिल्या महायुद्धाचं गोल मेडल सापडलं तर ते आडवं धरून त्याची कड बघा, कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. तिथे '११४ मराठाज' किंवा '१०३' असं काही दिसलं की तुमचं अर्धं काम झालं, कारण मग कुठल्या लढाया ते पलटणीवरून कळतं. पेन्शन बुक, डिस्चार्जचा कागद सापडला तर फोटो काढून ठेवा, घडी उलगडताना फाटतात.

पणजोबा जमादार किंवा सुभेदार झाले असतील तर त्यांचं नाव इंडियन आर्मी लिस्टमध्ये असायला हवं, त्यात पलटणवार भारतीय अधिकाऱ्यांची नावं आणि बढतीच्या तारखा असत, काही वर्षांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा, कपाचे आणि मेडल सापडलं तर त्याच्या कडेचे फोटो जोडून.

कप चांदीचा की मुलाम्याचा? बुडाशी बघा. 'ई. पी. एन. एस.' असेल तर निकेलच्या धातूवर चांदीचा मुलामा. चालत्या सिंहाचा छोटा ठसा असेल तर ९२.५ टक्के चांदी, इंग्लंडमध्ये तपासलेली, शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची.

अजून एक, गावच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा, रत्नागिरी-साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत आहे, १९१४-१९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत असं इंग्रजीत लिहिलेली. त्यावर नावं नसतात, नुसते आकडे. पण पणजोबा लढाईला गेले असतील तर त्या आकड्यात तेही असणार.