सिमेंट उन्हात वाळवू नका, आणि बाकीची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये टॉवेलच्या कुंड्यांचा नुसता पाऊस पडलाय. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

ताई, जुना टॉवेल सिमेंटमध्ये बुडवून उलट्या बादलीवर टाकला आणि कुंडी केली. लवकर वाळावी म्हणून कडक उन्हात ठेवली, तर तळाला भेगा पडल्या आणि बोट लावलं की पावडर निघते. दुसरी कुंडी जुन्या चादरीची केली, तिच्यावर तर सिमेंट धरलंच नाही. सिमेंट भेसळीचं असेल का?

सिमेंटला उगाच बोल लावू नका. तुम्ही त्याचं पाणी पळवलंत. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. ती क्रिया अर्धवट असतानाच पाणी उडून गेलं, की उरलेलं सिमेंट भुकटीच राहतं. तुमच्या बोटाला लागते ती हीच. गवंडी नव्या गिलाव्यावर रोज पाणी मारतात ते काही हौस म्हणून नाही.

चादर बहुधा पॉलिस्टरची असणार. कापड निवडताना त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच जिरला तर घ्या, मण्यासारखा घरंगळला तर ठेवून द्या. सगळ्यात चांगला तो जुना, विरलेला, सुती टॉवेल, कारण त्याच्या गाठींमध्ये सिमेंट अडकून बसतं.

आता पुन्हा करा. आधी रबरी हातमोजे घाला. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, कातडी भाजते, आणि ते कळायला बराच वेळ लागतो. कोरडं सिमेंट ओतताना नाकाला मास्कही लावा. पाण्यात थोडं थोडं सिमेंट टाकत घोळ करायचा. तो पळीवाढा हवा, पण पळीच्या पाठीवर जाड थर राहिला पाहिजे. टॉवेल आधी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा. कोरडा टॉवेल घोळातलं पाणी शोषून घेतो आणि सिमेंट वरच्या वर राहतं. मग घोळात टाकून कपडे चुबकतो तसा चुबका, अगदी आतपर्यंत जाईस्तोवर.

बादलीवर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बादली उंच स्टुलावर उलटी ठेवा. ही उंची फार महत्त्वाची आहे. टॉवेलची टोकं अधांतरी लोंबली पाहिजेत. जमिनीला टेकली तर ती बाहेर दुमडतात आणि कुंडीचा काठ कायमचा वाकडा होतो. टॉवेलचा मध्य बादलीच्या बुडावर येईल असा टाका, बुडाकडचा भाग हाताने दाबून सपाट करा, कारण कुंडी त्याच्यावरच उभी राहणार आहे. पाण्याचं भोकही आत्ताच ठेवा: बुडाच्या मधोमध कापडाला छेद देऊन पाइपचा छोटा तुकडा खोचून द्या. नंतर ड्रिल मारता येतं, पण पातळ बूड तडकण्याची भीती असते. चुण्या आता बोटांनी जुळवून घ्या, तासाभराने त्या ऐकणार नाहीत.

वरून सैलसर प्लास्टिक टाकून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी बादली अलगद सोडवा, पण कुंडी झाली असं समजू नका. आत-बाहेर ब्रशने जाड घोळाचे दोन हात द्या, दुसऱ्या हातात चाळलेली बारीक वाळू मिसळली तरी चालेल. मग सात दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. सिमेंटची ताकद त्यानंतरही वाढत राहते. बांधकामात काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात ती त्यामुळेच.

शेवटी भोकाला बूच लावून कुंडी पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी ते पाणी ओता, पुन्हा भरा. आठवडाभर असं केलंत की क्षार बरेच निघून जातात. हे टाळून थेट रोप लावलं की पानं पिवळी पडतात आणि दोष मातीला दिला जातो.

याच कुंडीवर फुटक्या कपबशांचे तुकडे लावायचे आहेत. लाकडी कामाचा पांढरा गोंद चालेल का?

घरात ठेवणार असाल तर चालेल. अंगणात नाही, पाणी लागत राहिलं की तो मऊ पडतो. टाइल बसवण्याचं सिमेंटवालं मिश्रण वापरा. कपाचे तुकडे वळणदार असतात, त्यांच्यापेक्षा बशीचे सपाट तुकडे सोपे जातात. फोडताना जुन्या फडक्यात गुंडाळून हातोडी मारा आणि डोळ्यांना चष्मा हवाच. तुकडे बसवून एक दिवस गेला की फटी भरा. रंगांची चिंता करत बसू नका. बार्सिलोनातल्या पार्क ग्युएलमध्ये लांबलचक वळणदार बाक आहे, तो फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनीच मढवलेला आहे. त्यात कुठलाही रंग कशाशीही शेजार करतो आणि कुणाचं काही अडत नाही.

मागच्या अंकात तुम्ही म्हणालात, कुंडीच्या तळाशी खडी घालू नका. आमच्या आजीपासून सगळे घालत आले आहेत. पाण्याचा निचरा मग व्हायचा कसा?

या वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी मला फोन केला. तर एक प्रयोग करा, दोन मिनिटांचा आहे. भांडी घासायचा जाड, चौकोनी स्पंज पाण्याने गच्च भिजवा. आडवा धरा आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज पिळू नका, फक्त उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल.

स्पंज तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची. कुठल्याही कुंडीत तळाशी मातीचा एक थर पाण्याने भरलेला राहतोच. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, वरची माती गच्च भरल्यावरच उतरतं. म्हणजे खडी घातलीत की तो ओला थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. शिवाय मातीची उंची कमी झाली ती वेगळीच. आडव्या स्पंजासारखी.

भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवायला माझी काही हरकत नाही. आजीही बहुधा तेवढंच करत असेल. जुने डबे, ड्रॉवर, फुटक्या बादल्या यांच्या कुंड्या करणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात ठेवावं, कारण ही भांडी उथळ असतात. त्यांत भोकं जास्त पाडा आणि माती भुसभुशीत करा. पत्र्याच्या डब्याला भोक पाडताना तो दबतो, त्यावर उपाय असा: डबा पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवा, आत बर्फ झाला की खिळ्याने ठोका. आतून आधार असल्यामुळे बूड आत जात नाही.

मालाच्या लाकडी पॅलेट्स फुकट मिळाल्या आहेत. त्यांचा बाक करावा, की भाजीचा वाफा?

आधी त्यांच्यावरचा शिक्का वाचा. देशाबाहेर जाणाऱ्या पॅलेट्सवर कणसाच्या चिन्हाचा शिक्का असतो, त्यात देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेची अक्षरं असतात. एच-टी असेल तर लाकूड तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस आणि किमान ३० मिनिटं. ते खुशाल घ्या. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. हा वायू ओझोनच्या थरालाही घातक आहे. अशी पॅलेट मी वाफ्याला नाही, बाकालाही वापरत नाही. शिक्काच नसेल तर लाकूड वाईटच असेल असं नाही. पण तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील, उग्र वास येत असेल, तर फुकट मिळालं तरी नको.

आता खरी कटकट. पॅलेटचे खिळे बहुतेक वेळा पिळाचे किंवा वळ्यांचे असतात, उपटायला जाल तर फळी चिरते. फळी आणि खालच्या ठोकळ्याच्या फटीत लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून खिळा मधोमध कापा. खिळ्याचं डोकं फळीतच राहतं, राहू द्या, दिसायला वाईट दिसत नाही. पण त्या फळीवर रंधा मारू नका, पात्याचा निकाल लागेल.

बाक की वाफा, तर माझं मत बाकाला. पातळ फळ्या ओल्या मातीला लागून फार काळ टिकत नाहीत. बाकाचे पायही थेट मातीत टेकवू नका, खाली विटा द्या.

टायरमध्ये टोमॅटो लावू का?

खायचं काही लावू नका, फुलं लावा. टायरमध्ये झिंक ऑक्साइड असतं, तेलांचे अंश असतात, आणि ऊन-पावसात रबर झिजत राहतं. त्याहून मोठा धोका म्हणजे टायरच्या आतल्या कडेला पाणी साचतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. बाजूला धारदार सुरीने मोठी भोकं पाडा आणि आत काठोकाठ माती भरा. बाजूची भिंत सुरीने कापली जाते. जमिनीला घासणाऱ्या भागाच्या वाटेला जाऊ नका, आत पोलादी तारा असतात.

काचेच्या बाटलीला रॉकेलचा दोरा गुंडाळून पेटवतात आणि गार पाण्यात बुडवतात, असा व्हिडिओ पाहिला. माझी बाटली दर वेळी वाकडी फुटते.

फुटणारच. दोऱ्याची उष्णता पट्टाभर पसरते, तडा मन मानेल तिकडे जातो. काच कापायच्या चाकाने आधी एकच सलग ओरखडा काढा. त्यावरून पुन्हा चाक फिरवू नका. मग त्या रेघेवर उकळतं पाणी, लगेच गार पाणी, असं आलटून पालटून ओता. तडा ओरखड्याच्या मागे जातो. चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. टफन्ड, म्हणजे तापवून मुद्दाम कडक केलेली काच असेल तर नादच सोडा, तिचा भुगा होतो.

इथपर्यंतचं काम पाच मिनिटांचं, पुढचं कंटाळवाणं. कड सुरीइतकी धारदार असते. वॉटर पेपर ओला ठेवून घासायची, आधी भरड, मग बारीक. ओला अशासाठी की काचेची धूळ नाकात जाऊ नये. एवढी तयारी नसेल तर बाटली कापूच नका. तोंड खाली करून बाटल्यांची रांग अर्धी मातीत पुरा, वाफ्याला छान काठ होतो. किंवा पाणी भरून मनीप्लांटच्या फांद्या लावा. कापलेल्या बाटलीचे दिवे मला स्वतःला फारसे आवडतही नाहीत.

मुलं मोठी झाली, त्यांचे टी-शर्ट टाकवत नाहीत. काही करता येईल का?

पायपुसणं करा. बाजूला शिवण नसलेला टी-शर्ट निवडा. काखेखालचा भाग कापून घ्या, आणि साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी गोल गोल, तिरकी फिरवत कापत जा. एकाच टी-शर्टची एक अखंड पट्टी निघते, गाठी माराव्या लागत नाहीत. पट्टी ताणली की दोन्ही कडा आत वळून तिचा जाड दोरा होतो. मोठ्या सुईने विणा, नाहीतर तीन पेडांची वेणी घालून गोल शिवत जा.

छापील चित्राचा भाग नीट वळत नाही, तो बाजूला काढून उशीच्या अभ्र्यावर शिवा. आणि कापायच्या आधी मुलांना एकदा विचारून घ्या, विशेषतः क्रिकेटचा असेल तर.