होमोसिस्टीन 27 आलं? हृदयाआधी बी-12 बघा

साखळीच्या ताई, तुमचे सासरे 63 वर्षांचे, दहा वर्षं मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर आणि सासूबाई गेल्यापासून पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी. पॅकेजच्या तपासणीत होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) 27 आलं, फार्मसीवाल्याने फॉलिक अ‍ॅसिड हातात ठेवलं आणि 'हार्टचं बघा' म्हणून घाबरवलं. तुम्ही विचारलंय, आता काय करू?

मी म्हापशाला लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली, म्हणून आधी हे विचारतो: रक्त काढल्यावर नळी किती वेळ तशीच होती? नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडतच राहतात. पेशी वेळेत वेगळ्या केल्या नाहीत, नळी बर्फातही ठेवली नाही, तर आकडा तासाला साधारण 10 टक्क्यांनी चढतो. बर्फाविना बांगडा दुपारपर्यंत टिकेल का? तसंच हे. घरी येणारा पोरगा सातला तुमच्याकडून निघून डिचोली, अस्नोडा करत बाराला पोचला असेल, तर त्या 27 मधले खरे किती? आमच्याकडची पोरंही बर्फाची पेटी स्कूटरला बांधायचा कंटाळा करायची.

तरीही सासऱ्यांचं खरोखर वाढलेलं असणार, असाच माझा कयास. होमोसिस्टीनचं परत मेथिओनिन (दुसरं एक अमिनो आम्ल) व्हायला फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) आणि बी-12 दोन्ही लागतात. फोलेट तांबड्या भाजीतून, अळसांद्यांतून मिळतं. बी-12 मात्र तिसऱ्या, बांगडा, अंडी, दूध यांतूनच. त्यातलं बहुतेक त्यांनी सोडलंय, त्यात मेटफॉर्मिनने बी-12 नीट शोषलं जात नाही. गोळी मात्र मनाने बंद करू नका!

नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मला सगळ्यात खटकतं. माझ्या मावशीला कोणीतरी तेच दिलं होतं. हिमोग्लोबिन सुधारलं, घरचे खूश. पण पायांच्या नसांची झीज चालूच होती. एकदा अंगणात चप्पल पायातून निसटली, मावशी तशीच न्हाणीघरापर्यंत चालत गेली आणि तिला कळलंही नाही. बी-12 कमी असताना फॉलिक अ‍ॅसिड रक्तक्षय झाकतं, नसांचं दुखणं झाकलेलंच राहतं. सासऱ्यांच्या पायांना मुंग्या येतात का, विचारून बघा.

हृदयाचं म्हणाल, तर होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त दिसतो, हे खरं. पण 2006 मध्ये नॉर्विट आणि होप-2 या मोठ्या चाचण्यांत बी जीवनसत्त्वं देऊन आकडा खाली आणला, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. पक्षाघाताचं चित्र थोडं वेगळं. चीनमध्ये रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक अ‍ॅसिड दिलं तेव्हा पहिल्या झटक्याचं प्रमाण घटलं, हे 2015 मध्ये छापून आलं. म्हणून सासऱ्यांच्या हृदयासाठी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सांभाळा.

डॉक्टरांना विचारून बी-12, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) करून घ्या. मूत्रपिंड किंवा थायरॉईड मंद असलं तरी होमोसिस्टीन वाढतं. यावेळी सासऱ्यांनाच लॅबमध्ये घेऊन जा. आणि रक्त आधी द्या, बी-12 चं इंजेक्शन मग. एकदा सुई टोचली की बी-12 चा आकडा फुगतो, आणि मुळात किती होतं ते नंतर काही केल्या कळत नाही.