कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड पुण्याखालच्या काळ्या दगडात गाडता येईल का?

तत्त्वतः हो. वाघोलीच्या खाणीतला दगड हातात घेऊन बघा. काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक दिसतात. त्यातले बरेच झिओलाइट नावाच्या खनिजांचे असले, तरी काही कॅल्साइटचे असतात. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइड मिळून झालेला दगडच. म्हणजे निसर्गाने हे काम इथे आधीच केलेलं आहे!

आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात हेच मुद्दाम करतात. वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये, म्हणजे अशाच काळ्या कातळात, सोडतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला. पण एक टन वायूमागे साधारण २५ टन पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या भागात हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. शिवाय आपला दख्खनचा बेसॉल्ट कोट्यवधी वर्षं जुना, तिथला मानाने तरुण. त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

धोरणाशिवाय हे चालत नाही, कारण वायू वेगळा काढणं महाग असतं. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्यावर कर, लावला आणि १९९६ पासून स्लाइप्नर या समुद्रातल्या नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात समुद्रतळाखाली कार्बन डायऑक्साइडची साठवण सुरू झाली. आपल्याकडे कार्बन पकडून साठवण्याबद्दलचा नीती आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला, कार्बन क्रेडिट (उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) व्यापार योजना २०२३ मध्ये. सिमेंट आणि पोलाद यांच्यासाठी हे तंत्र हवंच. वीज मात्र आधी सूर्य-वाऱ्यापासून करा.