'गेट'चे अर्थ पाठ करू नका

प्रश्न : शाळेत 'गेट' म्हणजे मिळणे, एवढंच शिकवलं होतं. आता पुण्यात नोकरीला लागलोय. इथे कुणी 'गॉट इट' म्हणतं, कुणी 'गेट इट साइन्ड' सांगतं, अमेरिकेतल्या टीमचे लोक 'हॅव गॉटन' लिहितात. शब्दकोशात पाहिलं तर अर्थच अर्थ. पाठ कसे करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पाठ करूच नका. 'गेट'च्या पुढे काय आलंय ते बघा. वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं. ठिकाण आलं तर पोहोचणं : 'आय गॉट टू पुणे ॲट नाइन'. फक्त 'होम'आधी 'टू' नको. 'गॉट इट' म्हणजे 'समजलं', ते तसंच उचला.

पुढे विशेषण आलं की 'गेट' म्हणजे होणं, आणि आपण मराठी माणसं अडखळतो ती इथेच. मनात 'बोअर होतंय' असतं, म्हणून तोंडून 'आय ॲम गेटिंग बोअर' निघतं. इंग्रजीत 'बोअर' म्हणजे दुसऱ्याला कंटाळा आणणारा माणूस! तुम्हाला म्हणायचंय 'बोअर्ड'. 'मला उशीर होतोय'चंही तेच. 'इट इज गेटिंग लेट' म्हणजे बराच वेळ झाला, रात्र होत आली. स्वतःला उशीर होत असेल तर 'आय ॲम रनिंग लेट' लिहा. आणि लग्न कुणाशी झालं हे सांगताना 'गॉट मॅरिड'नंतर 'टू' येतं, 'विथ' नाही. आपल्या 'शी'मुळे ही चूक चांगल्या शिकलेल्यांकडूनही होते.

'गॉटन' चुकीचं नाही. ते जुनंच रूप आहे. ब्रिटनमध्ये मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. तिथे 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली. फरक बारीक आहे, पण त्यांच्या मेल वाचताना उपयोगी पडेल.

राहिलं 'गेट इट साइन्ड'. मला हा वापर फार आवडतो, कारण आपलं 'करून घेणं' त्यात चपखल बसतं : सही करून घे. सही कोण करणार तेही सांगायचं असेल तर 'गेट हिम टू साइन इट', म्हणजे त्याला सही करायला लाव. इथे 'टू' गाळू नका. 'मेक हिम साइन'मध्ये ते नसतं म्हणून इथेही सुटतं. तुमच्या कामात हे दोन साचे रोज लागतील, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करा.