वाचक विचारतात : नैरोबीच्या जंगलात एक दिवस

प्रश्न : मुलगा नैरोबीत नोकरीला आहे. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं जातोय. सुट्टी त्याला एकच दिवस. मसाई माराचं मोठं अभयारण्य राहू द्या, शहराजवळचं जंगल दाखवतो म्हणतो. ताडोबा आमच्या उशाशी आहे. मग तिथं वेगळं काय? तयारी काय करायची? (एक वाचक, ता. भद्रावती)

उत्तर : मुलाचं ऐका. मसाई मारा रस्त्यानं पाच-सहा तास. एका दिवसात जाऊन यायचं तर गाडीच बघून याल. नैरोबी नॅशनल पार्क शहराच्या मध्यापासून सातेक किलोमीटरवर आहे. 1946 साली झालेलं केनियातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, 117 चौरस किलोमीटरचं. मोकळे हत्ती इथं नाहीत, ती आशा घरीच ठेवा. सिंह, जिराफ, झेब्रे आणि गेंड्यांच्या आफ्रिकेतल्या दोन्ही जाती, काळा आणि पांढरा, आहेत. ऑगस्ट कोरडा असतो, त्यामुळे जनावरं पाण्याजवळ येतात.

ताडोब्यात आपण कान देऊन बसतो. चितळाचा, वानराचा कॉल, म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याची इशाऱ्याची ओरड, आला की जिप्सी वळते. इथं मोकळं माळरान, काम डोळ्यांचं. झेब्रे किंवा हरणं चरणं सोडून एकाच दिशेला टक लावून उभी असतील, तर त्या दिशेचं गवत दुर्बिणीनं सावकाश चाळा. दुर्बीण 8×42 ची (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरे, पण प्रत्येकाला वेगळी हवी. एकीत तिघं म्हणजे भांडण ठरलेलं.

गेंडा दिसला की रंग बघू नका, दोन्ही मातकटच दिसतात. ओठ बघा. वरचा ओठ टोकदार, आकड्यासारखा असेल तर काळा गेंडा. तो झुडपांचा पाला ओरबाडतो. तोंड रुंद, सपाट आणि मान गवतात खाली असेल तर पांढरा. पिल्लू सोबत असलं तर आणखी सोपं : पांढऱ्याचं बहुधा आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे.

सूर्य वर्षभर साडेसहाच्या सुमारास उगवतो; सहाला गेटवर हजर राहा. प्रवेशशुल्क ऑनलाइन भरायचं, रोख चालत नाही. मुलाकडे तिथला रहिवासी परवाना असेल तर त्याला दर कमी पडतो, कार्ड बरोबर हवं. ऑगस्टची सकाळ चांगलीच गार असते, स्वेटर न्या. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक बाटल्यांना 2020 पासून उद्यानांत बंदी आहे; स्टीलची बाटली घ्या. डबा ठरलेल्या पिकनिकच्या जागीच उघडा, तोही बबून माकडांवर नजर ठेवून. इतरत्र गाडीतून उतरायचं नाही.

सगळ्यात आधी मात्र पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. त्याशिवाय केनियाहून परतलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारनं नेमलेल्या केंद्रांतच मिळते. साठी ओलांडली असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आम्हाला एप्रिलच जमतो. साधी कार चालेल का? (एक वाचक, ता. वरोरा)

उत्तर : मार्च ते मे तिकडचा मोठा पावसाळा. माळरानाची माती आपल्या कपाशीच्या रानासारखीच काळी. ओली झाली की चाकाला थापा चढतात, कार जागीच फिरते आणि खाली उतरून ढकलायची सोय नाही, कारण सिंह. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी ठरवा, आणि रात्री पाऊस झाला असेल तर ड्रायव्हरला आतल्या कच्च्या वाटांचा आग्रह धरू नका.