प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवायला व्हीआर कितपत उपयोगी? कोणता संच घ्यावा?

व्हीआर म्हणजे डोळ्यांना डबा लावला की आपण त्या चित्राच्या आतच आहोत असं वाटतं. फोन घालायचा संच कुठलाही घ्या, त्यात घालायच्या फोनला जायरोस्कोप, म्हणजे फोन कुठं वळला ते ओळखणारा सेन्सर, आहे का ते आधी बघा. आम्ही बघितलं नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर, पाचवीचा वर्ग. लोकवर्गणीतून चार संच आणि चार स्वस्तातले फोन आले. नारळ फुटला, फोटो झाले, ग्रहांचं अ‍ॅप लावलं. पहिल्या मुलीनं डबा डोळ्यांना लावून मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि म्हणाली, "सर, ह्यो गुरू माझ्यासंगंच फिरतोय." जायरोस्कोपच नाही, तर मान वळली हे फोनला कळणार कसं? शेवटी माझा स्वतःचा फोन घातला. एक फोन, एक्केचाळीस पोरं, प्रत्येकी दोन मिनिटं. बाकीच्यांनी तोवर काय करायचं, तर दंगा. दोघांना गरगरलं, एकानं खिचडी ओकली.

तेही चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी विचारलं, चंद्र किती लांब? सगळा वर्ग म्हणाला, "पृथ्वीला खेटून." अ‍ॅपमध्ये तसंच होतं, सगळं एका नजरेत बसवायचं ना! मग टेनिसचा चेंडू म्हणजे पृथ्वी धरली. त्या मापानं चंद्र गोटीएवढा, जवळजवळ दोन मीटरवर. सूर्य सात मीटर रुंद आणि पाऊण किलोमीटरवर, म्हणजे आमच्या गावची पाण्याची टाकी. चेंडू शाळेच्या कट्ट्यावर ठेवून तिथवर चालत गेलो. टाकीपाशी उभं राहून मागं बघितलं, तर चेंडू कुणालाच दिसेना. पोरं गप्प.

नेमके त्याच दिवशी साहेब भेटीला आले. वर्ग रिकामा. शेरेबुकात लिहून गेले: "तंत्रज्ञानाचा वापर दिसून आला नाही." साहेब, गावातल्या निम्म्या लोकांची ऑनलाइन कामं मी करून देतो, मला तंत्रज्ञानाचं वावडं नाही!

हां, हृदयाच्या आत किंवा ज्वालामुखीच्या तोंडाशी पोरांना नेता येत नाही, तिथं व्हीआर जरूर वापरा. फुकट अ‍ॅपवर वर्षाचं नियोजन मात्र बसवू नका. गुगलचं एक्स्पिडिशन्स, वर्गाला व्हीआर सहली घडवणारं अ‍ॅप, २०१५ ला आलं, २०२१ ला बंद झालं. आणि मेटा क्वेस्टसारखा महागडा संच घेणार असाल, तर कंपनीचीच अट किमान १० वर्षांची आहे, तीही पालकांच्या परवानगीनं. म्हणजे पहिली ते चौथी जवळजवळ बादच.

आमचे चार डबे डेडस्टॉक रजिस्टरला आहेत. एकाचं भिंग मी काढलंय, उन्हात कागद झकास पेटतो.