टॅनिंगचा फवारा: वाचकांच्या शंका, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा शरीरसौष्ठव स्पर्धांत भाग घेतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री बंद खोलीत सर्व मुलांच्या अंगावर तपकिरी रंग फवारतात. त्याला लहानपणापासून दमा आहे. हा रंग घातक ठरेल का? (एक आई, महाल)

उत्तर : या फवाऱ्यातील मुख्य घटक डायहायड्रॉक्सिअॅसिटोन, म्हणजेच डीएचए, हा साखरेच्या वर्गातला पदार्थ आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन तपकिरी रंग तयार होतो. तव्यावरच्या पोळीला खरपूस डाग पडतात, तशीच ही क्रिया आहे. हा थर झडत जातो, म्हणून रंगही साधारण आठवडाभरात उतरतो. त्वचेवर बाहेरून लावलेला डीएचए बहुतेकांना त्रास देत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीएचएला परवानगी दिली आहे ती केवळ बाहेरून लावण्यासाठी. ओठ, डोळ्यांचा परिसर आणि नाकातोंडातील नाजूक अस्तर यांचा त्या परवानगीत समावेश नाही आणि श्वासावाटे तो आत घेणे तर तिच्यात मुळीच बसत नाही. बंद खोलीत एकामागून एक मुलांवर फवारा मारला जातो, तेव्हा हवेत तरंगणारे बारीक थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि दमेकऱ्याला त्यामुळे धाप लागू शकते. म्हणून तुमच्या मुलाने फवारा टाळून हाताने लावायचे लोशन वापरावे आणि इतरांची फवारणी सुरू असताना त्या खोलीत थांबू नये. इतर मुलांनीही नाकात फिल्टर, डोळ्यांवर गॉगल आणि ओठांवर बामचा जाड थर असल्याखेरीज फवाऱ्यासमोर उभे राहू नये. फवारणाऱ्यालाही मास्क हवाच, कारण सर्वाधिक थेंब त्याच्याच श्वासात जातात.

प्रश्न : माझ्या हातांवर कोड आहे. बहिणीच्या लग्नात असे लोशन लावून डाग झाकता येतील का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : येतील. या रंगाला रंगपेशींची गरज लागत नाही, त्यामुळे कोडाच्या जागीही तो चढतो आणि त्वचारोगतज्ज्ञ पूर्वीपासून त्याचा असा उपयोग करत आले आहेत. डाग झाकलेच पाहिजेत असे मात्र मुळीच नाही. तो निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. लोशन कापसाच्या काडीने फक्त डागावर, कडा सोडून लावावे आणि लगेच तळहात धुवावेत, कारण तेथील जाड त्वचा रंग अधिक धरते. रंग काही तासांनी दिसू लागतो, म्हणून लग्नाच्या दोन आठवडे आधी एका लहान डागावर छटा पाहून घ्यावी. यामुळे कोड बरे होत नाही, तेव्हा चालू उपचार थांबवू नयेत. प्रकाशोपचार सुरू असतील तर लोशन लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. शिवाय हा रंग उन्हापासून पुरेसे संरक्षण देत नाही आणि कोडाची त्वचा चटकन भाजते, त्यामुळे नागपूरच्या उन्हात बाहेर पडताना सनस्क्रीन लावावेच लागेल.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेली बाटली उन्हाळाभर गच्चीवरच्या खोलीत राहिली. आता तिला उग्र वास येतो. त्यावर घटकांची यादीही नाही. वापरू का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : टाकून द्या. डीएचए उष्णतेने विघटित होतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होऊ शकते, जे डोळ्यांना झोंबते आणि त्वचेला अॅलर्जी आणते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या किंवा गच्चीवरच्या खोलीत अशी बाटली ठेवूच नये. नवी घेताना घटक, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली पाहूनच घ्यावी. युरोपीय संघात त्वचा तपकिरी करणाऱ्या उत्पादनांत डीएचएची कमाल मर्यादा १० टक्के आहे. प्रमाण तपासताना तो आकडा उपयोगी पडेल. सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके यांचीही अॅलर्जी होते, म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून ४८ तास वाट पाहावी.

प्रश्न : टॅनिंगच्या गोळ्या अधिक सोयीच्या नाहीत का? (एक विद्यार्थी)

उत्तर : त्या घेऊ नका. अशा गोळ्यांतील कॅन्थाझँथिन हा रंग डोळ्याच्या पडद्यावर स्फटिकांच्या रूपात साचल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. घेत असाल तर थांबवा आणि नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या.